बाबांची पोस्टकार्डे

या शाळेच्या वसतिगृहात मी सहा वर्षे राहिलो. दर महिन्याला बाबांचे पोस्टकार्ड येई. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. पण अक्षर टपोरे. मी शिक्षक होऊन परगावी गेल्यावरही पत्रे येत राहिली. मात्र अक्षर बारीक होत गेले. ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढे. "बाबा, जरा मोठे लिहीत जा, वाचता येत नाही," असे मी त्रासून कळवले. सुट्टीत घरी गेलो तर चेहरा निर्विकार. मला वाटले, ते रागावले आहेत. मांडीवर स्वस्थ ठेवलेला उजवा हात थरथरत होता. शेजारी म्हणत, "मागच्या जन्मीचे भोग."

डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मी कारणांचा माग काढू लागलो. मध्यमेंदूतील एका काळसर पट्ट्यातील पेशी डोपामाइन तयार करून सूक्ष्म पिशव्यांत साठवतात. विद्युत्संदेश येताच पेशीत कॅल्शियम शिरते, पिशव्या उघडतात आणि डोपामाइन दोन पेशींमधील फटीत उतरून पलीकडच्या पेशीला निरोप देते. मग मूळ पेशीच त्यातील बरेचसे परत ओढून घेते. फटीत ते पुरेसे साचले की स्वतःचा स्रावही आवरते. कंपवातात याच पेशी हळूहळू मरतात. हालचाल मंदावते, अक्षर आक्रसते, चेहऱ्यावरील भाव मावळतात. बाबा रागावलेले नव्हतेच.

1957 साली स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी रेझरपिनने निश्चल झालेल्या प्राण्यांना लेव्होडोपा टोचले आणि ते पुन्हा हिंडूफिरू लागले. रेझरपिन हे आपल्याकडील सर्पगंधेच्या मुळांतील द्रव्य. त्याने पेशींतील त्या पिशव्या रित्या होतात. 1960 साली व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनची मोठी तूट असल्याचे दाखवले. डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तेथे त्याचे डोपामाइन बनते. बाबांच्या गोळीत तेच होते. कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुःखाला कारण असते, ही तथागतांची शिकवण मी याच शाळेच्या सभागृहात रोज ऐकत होतो. तरीही घरच्या दुःखाचे कारण न विचारता मी बाबांच्या स्वभावाला दोष दिला. आज वर्गात एखादा मुलगा मख्ख बसलेला दिसला, की रागावण्याआधी मी त्याच्याजवळ जाऊन बसतो.

गोळीने मेलेल्या पेशी परत आल्या नाहीत. पुढे तिचा असरही कमी वेळ टिकू लागला. पण सुरुवातीची काही वर्षे बरी गेली. उपचारानंतरचे पहिले पोस्टकार्ड मी जपून ठेवले आहे. अक्षर पूर्वीइतके टपोरे नाही, पण सुवाच्य आहे. मजकूर एका ओळीचा : "आता वाचता येते का, बाळा?"