मिठाच्या मैदानावर

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीहून पश्चिमेकडे सुमारे दोन तास गेले की रस्त्याच्या कडेला पांढरेशुभ्र मैदान दिसू लागते. बर्फच पडले आहे असे वाटते, पण ते असते मीठ! आटलेल्या प्राचीन बॉनव्हिल सरोवराचा हा तळ. हिवाळ्यात त्यावर पाणी साचते आणि उन्हाळ्यात वाळून तो फरशीसारखा सपाट होतो. १९३५ मध्ये माल्कम कॅम्पबेलने ताशी ३०० मैलांची वेगमर्यादा ओलांडली ती इथेच. १९४९ पासून ऑगस्टमध्ये इथे 'स्पीड वीक' भरतो. पाऊस झाला तर मात्र तो रद्द होतो, २०२२ मध्ये झाला तसा.

तिथेच आम्हाला एक बापलेक भेटले. त्यांची गाडी १९७० च्या दशकातली, यांत्रिक फ्युएल इंजेक्शनची. मुलाने तिला निळा सिलिंडर जोडला होता. त्यात होता नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडचा 'हसवणारा वायू'!

त्याचे इथे काय काम? मुलाने उत्साहाने सांगितले, ''हे मैदान ४,२०० फुटांवर आहे. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाला दम लागतो. सिलिंडरमधला वायू इंजिनात तापला की त्यातला ऑक्सिजन सुटा होतो. मग जास्त पेट्रोल जळते आणि ताकद वाढते.'' दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांनीही खूप उंचावर हीच युक्ती वापरली होती.

वडील मात्र गप्प होते. थोड्या वेळाने त्यांनी बॉनेट उघडून आम्हाला हवेच्या वाटेतली एक चकती दाखवली. आत येणारी हवा ही चकती उचलते आणि ती जितकी उचलली जाईल त्या मापाने पेट्रोल सुटते. नायट्रस चकतीच्या पुढे सोडला जातो, म्हणून चकतीला त्याचा पत्ताच लागत नाही. त्याच्या जोडीने जादा पेट्रोल पोहोचले नाही, तर क्षणात पिस्टनला भोक पडते.

त्यांनी वायू बंदच ठेवला आणि जादा पेट्रोलची नळी एका डब्यात सोडून पाहिली. दाबमापकाचा काटा भरभर खाली आला. जुन्या पंपाला तेवढा भार झेपत नव्हता. वर्षभर या दिवसाची वाट पाहिलेल्या मुलाचा चेहरा पडला. ''एकदाच, काही सेकंदच!'' तो म्हणाला. वडिलांनी मान हलवली आणि सिलिंडर उतरवून ठेवला.

गाडी वायूशिवाय धावली. विक्रम वगैरे काही झाला नाही. मुलगा संध्याकाळपर्यंत वडिलांशी बोलला नाही.

इथे जाल तेव्हा काळा चष्मा विसरू नका. ऊन मिठावरून उलटून हनुवटीखालीही भाजते. परतताना गाडी खालून नीट धुऊन घ्या, नाहीतर मीठ पत्रा खाते.

दुसऱ्या दिवशी वेंडोव्हर गावात तेच काम करताना ते दोघे पुन्हा दिसले. पाण्याचा पाइप मुलाच्या हातात होता आणि वडील वाकून चाकाआड साचलेले मीठ दाखवत होते. मग मुलाने किल्ली फिरवली. पहिल्याच फेरीत इंजिन सुरू झाले. त्याने वडिलांकडे पाहिले आणि हळूच विचारले, ''नवा पंप घरी गेल्यावर बसवायचा ना?''