राखणीचा माणूस



आज पिकाचा सल्ला बाजूला ठेवून एका खेळाची गोष्ट सांगणार आहे. साहेब कुठे घसरले, असे तुम्हांला वाटेल. पण ही गोष्ट मुळात एका शेतकी कॉलेजातली आहे, आणि माझी स्वतःची एक चूक तीत अडकलेली आहे. तेव्हा जरा सबुरीने घ्या.

२०१७ च्या दिवाळीनंतरचे दिवस आठवा. आमच्या मंडळात कापूस छातीला लागला होता. बोंडे मोजून लोक खूश होते. आणि बोंड फोडून पाहावे तर आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापसाची कवडी झालेली! मी मंडळ कृषी अधिकारी. जूनपासून गावोगाव मी काय सांगत फिरलो होतो? लागवडीचे अंतर, खताचे हप्ते, उतारा कसा वाढेल. कामगंध सापळ्यांची गोष्ट मी सभेच्या शेवटी, लोक चपला शोधू लागले की सांगायचो. आमच्याकडे एक निवृत्त कृषी सहायक आहेत, सारे त्यांना नाना म्हणतात. ते ऑगस्टातच डोमकळ्या रुमालात बांधून माझ्याकडे आले होते. “साहेब, ह्या बघा. आत अळी आहे.” मी म्हणालो, “नाना, बीटी वाण आहे. उगीच घाबरवू नका लोकांना.” हे माझे शब्द मला अजून झोपू देत नाहीत.

नोव्हेंबरात माझ्या भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यात क्लेमसन विद्यापीठात मातीचा अभ्यास करीत होता. थॉमस ग्रीन क्लेमसन नावाचा गृहस्थ १८८८ साली वारला, त्याने आपली जमीन शेतकी कॉलेजासाठी मृत्युपत्रात लिहून ठेवली, त्यावर हे उभे राहिले. आपली कृषी विद्यापीठे ज्या धर्तीवर निघाली, त्याच धर्तीचे हे. माझा पडलेला आवाज ऐकून भाचा म्हणाला, “मामा, आमच्या टीमनं एकदा सत्तर खाल्लेत. ऐका.”

तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबोळा चेंडू हातात घेऊन पळायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर गेला. चढाई करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. दोन्हींचे प्रशिक्षकही वेगळे. आपल्या कबड्डीत चढाईला टाळ्या पडतात आणि कोपरा धरणाऱ्याला कोणी विचारीत नाही, तसेच थोडेफार तिथेही.

क्लेमसनचा मुख्य प्रशिक्षक डॅबो स्विनी हा तरुणपणी स्वतः चढाईतला खेळाडू. २०११ साली त्याने चढाईसाठी नवा प्रशिक्षक आणला. बियाणे बदलले म्हणा ना! गुणांचा पाऊस पडला, वीस वर्षांनी आपल्या गटाचे विजेतेपद मिळाले. आणि मग ४ जानेवारी २०१२ रोजी ऑरेंज बाउल नावाच्या मोठ्या सामन्यात वेस्ट व्हर्जिनियाने त्यांना ७०–३३ असे धुतले. त्यांनी ३३ गुण केले होते हे लक्षात घ्या. पीक आले होते, राखण नव्हती.

त्या महिन्यातच बचावाचा जुना प्रशिक्षक केव्हिन स्टील याला जावे लागले, आणि स्विनीने ओक्लाहोमाहून ब्रेंट व्हेनेबल्सला आणले. हा मूळचा गव्हाच्या मुलखातला, कॅन्ससचा. वय एकेचाळीस, पण ओक्लाहोमातच तेरा वर्षे घालवलेली. असा मुरलेला माणूस सुटून येतो कसा? तर तिथे मुख्य प्रशिक्षक बॉब स्टूप्स याचा भाऊ माइक दुसरीकडचे काम सुटून परत आला होता आणि बचावाची सूत्रे त्याच्याकडे जायची होती. घरचा माणूस परतला की वाटणी कशी होते, हे मी तुम्हांला सांगायला नको.

व्हेनेबल्स आला म्हणून जादू झाली नाही. पहिल्याच हंगामात फ्लोरिडा स्टेटने त्यांच्यावर ४९ गुण चढवले. भाच्याने हे सांगितले तेव्हा मला जास्त धीर आला. २०१४ पर्यंत मात्र प्रतिस्पर्ध्याला सर्वांत कमी यार्ड देणारा संघ म्हणून क्लेमसन देशात पहिला आला. त्याच वर्षाअखेर त्यांनी ओक्लाहोमालाच ४०–६ असे हरवले. हा गृहस्थ सामन्यात इतका तापतो, की मैदानात धावून जाऊ नये म्हणून त्याला मागून धरून ठेवायला एक माणूस नेमलेला असे. २०१८ साली त्याच्याशी पाच वर्षांचा करार झाला, एक कोटी सोळा लाख डॉलरचा. राखणीला एवढे पैसे! मी तर दोनदा विचारून घेतले.

तो फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नानांच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण त्यांनी चहा पुढे केला आणि मला ती मागताच आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात शेतकरी गटाची बैठक घेऊन म्हटले, राखणीची जबाबदारी नानांकडे देऊ आणि त्यांना मानधन देऊ. गलका झाला. “पेन्शन आहे ना त्यांना?” “सापळे मोजायला माणूस कशाला?” एका बाईंनी तेवढे विचारले, “गेल्या साली किती गेलं तुमचं?” मग मानधन मंजूर झाले.

२०१८ च्या हंगामात नाना पहाटे सायकलवर निघत. हेक्टरी पाच सापळे. लागोपाठ तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग आले की त्या वावराच्या मालकाचे दार वाजलेच. डोमकळ्या पोरांकडून तोडवून जाळायला लावत. अळी आली नाही असे नाही, आली. पण कापूस घरात आला.

८ जानेवारी २०१९ ला सकाळी भाच्याचा पुन्हा फोन. राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, तोवर एकदाही न हरलेला अलाबामाचा संघ, आणि क्लेमसन ४४–१६ ने जिंकले. उत्तरार्धात अलाबामाला एक गुणही मिळू दिला नाही. मी बांधावर उभा राहून नानांना हे सगळे ऐकवले. नाना ऐकून घेऊन म्हणाले, “त्या पहिल्या माणसाचं काय झालं? काढला त्याचं?”

मला हे विचारायचे सुचले नव्हते. भाच्याने शोधून संध्याकाळी कळवले. स्टील पुढे अलाबामाकडे गेला, आणि २०१६ साली ऑबर्न विद्यापीठात बचावाचा प्रमुख झाला. त्याच वर्षी हंगामाच्या पहिल्या सामन्यात त्याची गाठ क्लेमसनशीच पडली. क्लेमसन जिंकले, पण त्याने त्यांना १९ गुणांवर अडवले होते. आणि क्लेमसन त्या हंगामाचे राष्ट्रीय विजेते!

“एकोणीस,” नाना म्हणाले. “बरं केलं त्यानं.” मग सायकल वळवून ते शेजारच्या वावराकडे निघाले. तिथे एकाने फरदड ठेवली होती, आणि त्याच्या पऱ्हाट्या उपटून घ्यायच्या होत्या.