दोघांचा एक कळफलक

बहिणीच्या घरी संगणक एकच. भाच्यास त्यावर खेळावयाचे असते. सुटीत गेलो की आम्हांसही त्यावरच लेख टंकित करावे लागतात. जुना कळफलक निकामी झाला, तेव्हा नवा निवडावयास आम्ही दोघे दुकानात गेलो.

भाच्याची नजर लाल स्विचवर. चेरीच्या या स्विचची कळ 4 मिलिमीटर खाली जाते, पण 2 मिलिमीटरवरच आपले काम करते. मध्ये कोठे अडत नाही. खेळास उत्तम! आमचा जीव मात्र निळ्यावर जडला. अक्षरागणिक तो ‘टक्’ वाजतो. जुन्या टंकयंत्राची आठवण झाली.

“मामा, रात्री आजीला झोप लागेल का?” भाच्याने हळूच विचारले. आमची आजारी आई भिंतीपलीकडेच निजते. पन्नाशी उलटलेले आम्ही ओशाळलो.

अखेर तपकिरी स्विच घेतला. मध्यावर बोटास हलकासा उंचवटा जाणवतो, पण तो ‘टक्’ नाही. त्याने लाल सोडला, आम्ही निळा.

त्या रात्री डाव्या हाताने स्वर, उजव्याने व्यंजने, अशी इन्स्क्रिप्टची जुळणी हलक्या बोटांनी करीत बसलो. मध्येच थांबलो की आईचा संथ श्वास ऐकू येई.