अंगठ्याची जागा

अकोटला आमच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुण्यात संगणकीय खेळांसाठी शस्त्रे रंगवतो. पडद्यावरच्या कोऱ्या सांगाड्यावर धातूचे कातडे चढवायचे, हे त्याचे काम. दिवाळीत त्याने पितळी मुठीची एक कट्यार दाखवली. प्रत्येक कडेला सारखी झीज, प्रत्येक खाचेत सारखा काळेपणा. "जुनं केलं, पण जुनं दिसत नाही जी, सर," तो म्हणाला.

आम्ही दोघेही मराठी शिकवणारे. कट्यारीतले आम्हांला काय कळावे? पण दोष ओळखीचा होता. स्पर्धेसाठी येणाऱ्या ग्रामीण कथांत चूल, कंदील आणि सुरकुत्या अशाच सारख्या शिंपडलेल्या असतात.

त्याने रीत समजावली. सॉफ्टवेअर उंचवटे शोधून तेथला रंग खरवडते. धातू कोठे आहे हे सांगणारा एक वेगळा नकाशा असतो. त्यात पोलाद पांढरे आणि गंज काळा, कारण गंज हा धातू उरलेलाच नसतो. हे आम्हांला फार आवडले. आपल्या भाषेनेही झीज, गंज, मळ आणि कळक वेगळे ठेवले आहेत. पितळ गंजत नाही. काळवंडते, आणि आंबट लागले की हिरवे होते. म्हणून तर कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकते. कल्हईसुद्धा आधी जाते ती सराटा फिरतो तेथली.

नरनाळ्यावरच्या नऊगजी तोफेचे फोटो त्याने काढून आणले होते. पण उघड्यावरच्या तोफेवर हात ऊनपावसाचा. मुठीला एका माणसाचा हात हवा. आम्ही आईंचा पितळी अडकित्ता काढून दिला. पन्नासेक वर्षे त्यांनी तो रोज वापरला. वरच्या दांडीवर अंगठ्याची जागा खोलगट झाली आहे.

त्याने तो उलटसुलट पाहिला. "खड्डा मिळाला, पण भोवतीचा रंग?" रंग नव्हता. आई गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीत आम्हीच चिंच लावून अडकित्ता लखलखीत केला होता. त्या वेळी ते आम्हांला प्रेमाचेच काम वाटले.

त्याच्या व्यवसायात झिजेचाही भाव ठरतो. 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' या खेळात २०१३ साली शस्त्रांची रंगीत कातडी आली, तेव्हापासून प्रत्येकाची झीज शून्य ते एक यांमधल्या आकड्याने मोजतात. तो आकडा कातडे हाती येतानाच ठरलेला असतो. मग कितीही खेळा, वाढत नाही. ऐकून आम्ही जरा गप्पच झालो.

पुण्याहून त्याचा फोन आला : खड्ड्याभोवती नेमके कसे होते? एकाला काळे आठवत होते, दुसरीला तपकिरी, कातासारखे. वाद बराच चालला. आईंच्या बाबतीत इतका कधी झाला नव्हता. शेवटी त्याने दोन्ही मुठी करून पाठवल्या. आम्ही त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्ही खऱ्या वाटल्या.