दादाचा मोबाइल

पुतण्याचा फोन आला. "नाना, दोन दिवस येऊन जा. आईला तुम्हीच समजवा, आमचं ऐकंना." काय समजवायचं ते विचारलं, तर म्हणाला, "बाबांचा मोबाइल."

आळेफाट्याहून एसटीने माळशेज घाट उतरून कल्याण, तिथून लोकलने घाटकोपर, पुढं मेट्रोने असल्फा. पिशवीत बाजरी आणि घेवड्याच्या शेंगा. २०१४ साली ही मेट्रो सुरू झाली तेव्हा दादानेच मला पहिल्यांदा तिच्यात बसवलं होतं. आता असल्फ्याच्या टेकडीवरची घरं रंगवलीत. मेट्रोतून चित्रासारखी दिसतात. चढ मात्र तोच आहे.

दादा माथाडी. चौथीतून शाळा सोडली. आधी मशीद बंदरला, मग वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात. मी गावी कांदा पिकवायचा आणि त्याने तिकडं कांद्याच्या गोणी पाठीवर घ्यायच्या, अशी आमची वाटणी. १९६९ चा माथाडी कायदा झाला म्हणून त्या पाठीला फंड तरी मिळाला. खोलीवर पत्रा जाऊन स्लॅब पडला तो त्यातूनच.

लिहायचं त्याच्या जिवावर यायचं. व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर तो बोलून पाठवायचा. रोज संध्याकाळी मिनिटभर. आज गाड्या किती आल्या, गोळा कांद्याला काय निघाला, माल भरू का थांबू. मागं लोकलचा आवाज, नाहीतर वहिनीचा कुकर. कामावरून निवृत्त झाला तरी जुन्या जोडीदारांना विचारून पाठवायचाच.

माझ्याकडं त्यातला एकही निरोप राहिला नाही. चार वर्षांपूर्वी माझा फोन सारखा अडकायला लागला, म्हणून फाट्यावर एका दुकानात नेला. पोरगा म्हणाला, "बाबा, रिसेट मारावा लागेल. काही ठेवायचंय का?" मी म्हणालो, "काय असतंय त्यात? टाक पुसून." पाच मिनिटांत फोन कोरा करकरीत झाला. मी खूश. दादा तेव्हा हयात होता. उद्या परत बोलणारच होता ना. वर्षभरात तो गेला.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आणि आता मला बोलावलं होतं कशाला, तर त्याचाही फोन पुसायला वहिनीला राजी करायला.

अडचण खरी होती. नातू अकरावीला गेलेला, त्याला फोन पाहिजे. नवा घ्यायचा तर दहा-बारा हजार. दादाचा चांगला फोन कपाटात पडून. पण त्याला नऊ ठिपक्यांचं कुलूप आणि खूण कुणालाच ठाऊक नाही. स्टेशनजवळच्या दुकानदाराने सांगितलं, बाहेरची बटणं दाबून पुसता येईल, पण नंतर फोन जुनं गुगल खातं नाहीतर जुनी खूण मागेल. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून २०१५ पासून ही सोय आहे. ते खातं कुणी उघडून दिलं, पासवर्ड काय, कुणाला माहीत? आमच्यासारख्यांची खाती दुकानातली पोरंच उघडून देतात.

"आणि आई दर सोमवारी त्याला चार्जिंगला लावते," पुतण्या हळूच म्हणाला. "उघडत नाही, तर चार्जिंग कशाला?"

मला तिथंच शंका आली. रात्री जेवणं झाल्यावर मी वहिनीला माझ्या फोनची हकिकत सांगितली. समजवायला गेलेला माणूस कबुली देऊन बसला. ती शेंगा सोलत होती. बराच वेळ बोलली नाही. मग उठली, साड्यांच्या खालून फोन काढला आणि पुतण्यासमोरच ठिपक्यांवरून बोट फिरवलं. फोन उघडला.

"रांगोळीचेच ठिपके की ते," ती म्हणाली. "शेजारी बसून इतकी वर्षं बघत होते. तुम्हाला सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी पुसला असता."

"आत काय बघतेस?" पुतण्याने विचारलं.

"काय बघणार? बैलांचा फोटो येतो तेवढा. पुढचं मला कुठं येतंय?"

सिम कधीच बंद पडलेलं, व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागत होतं. मला वाटलं संपलं. पण नातू फाइलींमध्ये शिरला. जो बोलून पाठवतो त्याच्याही फोनमध्ये त्याचा आवाज राहतो, हे मला त्या रात्री कळलं. दर आठवड्याचं वेगळं फोल्डर, नावात वर्ष आणि आठवड्याचा आकडा. आठवडे बाजाराच्या हिशेबासारखं.

नातवाने मधलंच एक लावलं. "धाकट्या, आज गाड्या लय आल्यात. उद्या माल भरू नको. परवा बघून सांगतो. आणि गोळ्या घेतल्या का रं?"

तो दिवस मला आठवला. मी ऐकलं नव्हतं. टेम्पो सांगून ठेवला होता, म्हणून गोणी भरल्याच आणि भाड्याइतकेही पैसे आले नाहीत. दादाला मी खोटंच सांगितलं होतं की भरल्या नाहीत. वहिनी माझ्याकडं बघत होती. मी शेंगा सोलायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी नातवाने सगळे आवाज आणि फोटो दोन पेनड्राइव्हवर घेतले, एक तिकडं, एक मला. चार-पाच फाइली लावून बघितल्या. आधी फोनमधलं गुगल खातं काढलं. मग सेटिंग, रिसेट, फॅक्टरी डेटा रिसेट. खाली 'सगळं पुसा' असं बटण आलं. हल्लीच्या फोनचं म्हणे असं आहे, आतला मजकूर कुलपात असतो आणि पुसताना किल्लीच मोडून टाकतात. मग कुणालाच काही काढता येत नाही.

नातू बटणापाशी थांबला. "आजी?"

"आण इकडं," म्हणाली आणि पदराला बोट पुसून तिनेच दाबलं.

फोन काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला. मग उजळला आणि नव्या माणसाला विचारतात तसं भाषा कोणती ते विचारू लागला. नातवाने मराठी निवडली. पुढं नवं कुलूप मागितलं, तेव्हा तो पाठ फिरवून ठिपके जोडायला लागला. वहिनी चहाचं आधण ठेवता ठेवता त्याच्या खांद्यावरून बघत होती.