टाकीतला समुद्र

"लातूरचा का? मग अंघोळ आठवड्यातून एकदाच करत असशील!" नांदेडच्या होस्टेलवर पहिल्याच दिवशी रूम पार्टनरने मारलेला हा जोक. मीही हसलो. पण मित्रांनो, खोटं वाटेल, आमच्या लातूरच्या घरात एकेकाळी चक्क समुद्र होता!

तो काकांचा उद्योग. तीन फुटी काचेची टाकी, साधारण १७० लिटर पाणी. लिटरला ३५ ग्रॅम या हिशोबाने सहा किलो खास समुद्री मीठ. त्यात दोन क्लाउनफिश मजेत होते. पण मी पाचवीत असताना पुस्तकात 'क्लीनर रास' पाहिला आणि हट्ट धरला. करंगळीएवढा, निळसर अंगावर काळा पट्टा. प्रवाळात दुकान थाटून बसतो. मोठमोठे मासे त्याच्याकडे रांग लावतात आणि हा त्यांच्या अंगावरचे, अगदी तोंडातलेही परजीवी वेचून खातो. जानेवारी २०१६ मध्ये काकांनी तो मुंबईहून आणला. प्लास्टिकच्या पिशवीत, ऑक्सिजन भरून, लातूर एक्स्प्रेसने!

दुकानदार म्हणाला होता, "काहीही खातो." पण त्याने कोरड्या खाद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकांनी कोळंबी बारीक चिरून दिली, दोन घास खाल्ले नि सोडून दिली. समुद्रात हा दिवसाला हजारावर परजीवी खातो. आमच्याकडे गिऱ्हाइकं दोनच, तीही स्वच्छ! तो त्यांच्याच मागे लागायचा, ते वैतागून पळायचे. त्याचं पोट खपाटीला गेलं.

तिकडे धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. नळ बंद, बोअर आटला. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लागलं. उन्हाने टाकीतलं पाणी रोज दोन-तीन लिटर उडायचं. तेवढं गोडं पाणी, तेही आरओचं, वरून घालावं लागे. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते आजी भांड्यांना वापरायची. बोलायची काहीच नाही.

एक दिवस शेजारच्या मावशी रिकामी घागर घेऊन आल्या. टाकीकडे बघत म्हणाल्या, "हे पाणी पेयाचं हाय का?"

"नाही, खारट आहे," मी म्हणालो. पुढे काय बोलावं ते सुचेना.

एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळं गाव बघायला गेलं. त्याच आठवड्यात आमचा रास मेला. काकांनी क्लाउनफिश पुण्याच्या मित्राला दिले आणि टाकी रिकामी केली. एवढं पाणी, पण तुळशीलाही घालता येईना! शेवटी रात्री, कुणी बघणार नाही अशा वेळी, आम्ही ते गटारात ओतलं. दुसऱ्या दिवशी टाकी घासून तिच्यात टँकरचं पाणी भरलं. पहिली घागर आजीने शेजारी पाठवली.

फर्स्ट इयरला थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला सरांनी 'सिस्टीम' आणि 'सराउंडिंग' शिकवलं. सीमारेषा कुठे आखायची ते आधी ठरवा, म्हणाले. मला टाकी आठवली. आम्ही ती रेषा काचेपाशी आखली होती. पण त्या माशाची सिस्टीम म्हणजे रांगेत उभे राहणारे शेकडो मासे. आणि टाकीची सिस्टीम? मावशींच्या रिकाम्या घागरीपर्यंत!

टाकी अजून ओट्यावर आहे. नळ आला की आजी आधी तीच भरते.