पूजेतून उठलेली चित्रे

मराठी वाचकाला राजा रविवर्मा बहुधा रणजित देसाई यांच्या १९८४ सालच्या कादंबरीतून भेटतो. गेली काही वर्षे मी ज्या रविवर्म्याच्या मागावर आहे, तो मात्र कादंबरीतही नाही आणि बडोद्याच्या राजसंग्रहातील तैलचित्रांतही नाही. तो दिनदर्शिकांवर, काड्यापेट्यांवर, साबणाच्या जाहिरातींत आणि कापडाच्या ताग्यांवरील लेबलांत विखुरलेला आहे. वापरून टाकून देण्यासाठीच छापलेले हे कागद जमवणे हा माझा छंद. भाषेच्या अध्यापकाने हा उद्योग का करावा, असे सहकारी विचारतात. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछपाईचा कारखाना काढला. पुढे तो मळवलीजवळ, कार्ले-लोणावळ्याच्या परिसरात गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तरुण दादासाहेब फाळके यांनी काही काळ तेथे काम केले. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकावर एक चढणारे ते रंग. या पद्धतीने लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतून सामान्यांच्या भिंतींवर आल्या. १९७२ साली त्या कारखान्याला आग लागली आणि तेथील बराच ठेवा नष्ट झाला.

इतिहास-पुराणातील प्रसंग रंगवणाऱ्या चित्रकारांच्या वाट्याला हे भाग्य अन्यत्रही आले. जॉन ट्रंबुल या अमेरिकी चित्रकाराचे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे चित्र वॉशिंग्टनच्या संसदभवनात आहे. तेच १९७६ पासून दोन डॉलरच्या नोटेच्या पाठीवर छापले जाते. पण नोट खर्च होते, तिची पूजा होत नाही. आपल्याकडचा पेच येथून सुरू होतो.

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात एका जुन्या पेढीवर तो पेच मला प्रत्यक्ष दिसला. गादीच्या वर, भिंतीवर, कमळावर उभी असलेली लक्ष्मी. चित्राच्या तळाशी कारखान्याचे नाव अंधूक दिसत होते. साडीच्या काठावर कुणीतरी जर चिकटवलेली, काचेवर कुंकवाच्या बोटांचे थर. पेढी नाना पेठेत होती तेव्हापासूनची ही तसबीर, बाजार गुलटेकडीला आला तेव्हा वह्यांच्या आधी तिला आणले, असे शेटजींनी सांगितले. मी किंमत विचारली. ते रागावले नाहीत. ‘‘सर, गुळाचा भाव विचारा, सांगतो. हिचा कसा सांगू?’’ एवढेच म्हणाले आणि बाहेर पोती उतरवणाऱ्या हमालांकडे वळले.

त्या प्रश्नाने मला माझ्याच विषयाकडे परत आणले. हस्तलिखितांचा अभ्यास करताना आपण मूळ संहितेचा शोध घेतो. नकलाकाराने घातलेली भर, वाचकाने समासात केलेल्या खुणा हे सारे दूर सारून शुद्ध पाठ हाती यावा, ही आपली आकांक्षा. रविवर्म्याच्या छापील चित्राला हा न्याय लावला, तर जर आणि कुंकू हे प्रक्षिप्त ठरतील. ते पुसले की हाती काय उरते? हजारो प्रतींसारखीच आणखी एक प्रत. त्या प्रतीला एकमेव बनवतो तो डागच. शंभर वर्षांच्या वहीपूजनांची नोंद त्या काचेवर आहे. ती कुठल्याही चोपडीत नाही.

मात्र या विचाराला दुसरी बाजू आहे. आपल्याकडे देवाचे जुने चित्र रद्दीत टाकवत नाही. ते पिंपळाच्या पारावर ठेवतात, नदीत सोडतात. म्हणजे श्रद्धा चित्राला जपते आणि अखेरीस तीच त्याला पाण्यातही सोडते. या दोहोंच्या फटीतून जे निसटते, वाडा पाडताना, वाटण्या होताना, पुढच्या पिढीला ओळख न पटता जे बाजारात येते, तेवढेच संग्राहकाला मिळते. माझ्या फाइलींतील प्रत्येक कागद हा अशा एका तुटलेल्या नात्याचा पुरावा आहे. म्हणून नवा कागद सापडल्याचा आनंद आता निर्भेळ राहिलेला नाही.

तरीही मी जमवत राहीन, कारण जे पूजेतून उठले आहे त्याला निदान वाचक तरी मिळावा. पण ज्या भिंतीवर अजून रोज उदबत्ती लागते, तिथे संग्राहकाने केवळ पाहावे, विचारपूस करावी, टिपून घ्यावे आणि रिकाम्या हातांनी परतावे. काही संहिता वापरात आहेत, तोवरच त्यांचे लेखन चालू असते.